खिडकीकडची पेटी

माझं कुणी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी विश्वास ठेवला नसता. लाकडाच्या तोंडाला कोण विचारतं? तरी सांगते. मी चिठ्ठ्यांची पेटी बोलतेय.

जन्माने मी पेरूच्या वडीची पेटी. उबेराबा गावच्या बाजारात रिकामी झाले, तेव्हा ऑर्मेझिंडाबाईने मला उचललं, झाकणाला चीर पाडली आणि आत्म्यांच्या प्रार्थनाघरात, जिथे लोक आत्म्यांकडे मदत मागतात, आणून ठेवलं. माझ्यासारखीच दुसरीही होती. खिडकीकडची पेटी जिवंतांच्या नावांची, भिंतीकडची देह सोडून गेलेल्यांच्या नावांची. मी भिंतीकडची. अंगावर अक्षर नाही, खूण नाही. पोरांना जागेवरूनच कळायचं.

दर शनिवारी सकाळी बाई पोरांना शिकवायची. स्वतःसाठी मागायचं नाही, दुसऱ्यासाठी मागायचं. पूर्ण नाव लिहायचं, पत्ता लिहायचा, म्हणजे मदतीला येणारे आत्मे भलत्याच दारात जात नाहीत. एकाने शेजारच्या कुत्र्याचं नाव टाकलं. बाई म्हणाली, "आडनाव राहिलं बघ." पोरं हसून लोळली. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

त्या शनिवारी तिने टेबल पुसलं आणि आम्हाला उलटसुलट ठेवलं. मी खिडकीकडे. जांदिरा सगळ्यांआधी आली. वय सात. तिची आई नाइर इस्पितळात होती, मंगळवारी पोट उघडायचं होतं. पोरीने आईचं नाव लिहिलं, घडी घातली, चिठ्ठी खिडकीकडच्या पेटीत टाकली. म्हणजे माझ्यात. मी आतून ओरडत राहिले.

बाईने टाकताना पाहिलं. मग पेट्यांची अदलाबदल तिच्या ध्यानात आली. तिने आम्हाला मुकाट जागेवर ठेवलं. चिठ्ठी मागाहून काढू म्हणाली असेल मनात. तेवढ्यात कॉफी उतू गेली, पोरं आली, राहून गेलं.

दुपारी मोठ्यांच्या प्रार्थनेत म्हातारे अबिलियो गेलेल्यांची नावं वाचत होते. वाचलं, नाइर अल्वेस दा क्रूझ. नाइरची आई तिथेच बसली होती. तिच्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला.

मंगळवारी नाइर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेली.

आजीने नातीला सगळ्यांसमोर विचारलं, "चिठ्ठी कुठे टाकलीस?" पोर म्हणाली, खिडकीकडे. आजी म्हणाली, "मग भिंतीकडच्या पेटीत कशी निघाली? जिवंत आईला गेलेल्यांत घातलीस तू."

ऑर्मेझिंडाबाई तिथेच उभी होती. एका वाक्याचं काम होतं. तिने पदरचं एक वाक्य खर्चलं नाही.

पुढच्या शनिवारी जांदिरा आली. तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. तिने बाईला विचारलं, "मावशी, प्रार्थना पोचतेच ना?"

"पोचते, बाळा."

"चुकीची टाकली तरी?"

बाईने तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली, "तू लहान आहेस. देव लहानांवर रागावत नाही."

घ्या. माफ करून टाकलं. न केलेल्या चुकीची माफी पोरीच्या गळ्यात घातली, आणि वर केसही कुरवाळले. मला हात असता तर त्या दिवशी कामी आला असता.

आता माझ्या फळ्या सुटल्यात, खिळे गंजलेत. मी जाळात जाईन, तेव्हा खरं सांगणारं कुणीच उरणार नाही. वाचणाऱ्यांनो, पोरांना दुसऱ्यासाठी हात जोडायला शिकवता ना, शिकवा. पण त्याआधी स्वतःचं तोंड उघडायला शिका.

त्याच शनिवारचा धडा होता, ज्याने आपलं वाईट केलं त्याच्यासाठी आधी मागावं. पोरीने कागद माझ्याच झाकणावर ठेवून लिहिला. या वेळी पेट्या आपापल्या जागी होत्या. तिने दोन्हींकडे बघितलं, आणि माझ्यात, गेलेल्यांच्या पेटीत टाकला.

वर लिहिलं होतं, माझ्या आईला जिने मारलं तिच्यासाठी. खाली पत्ता, तिच्याच घराचा. आणि शिकवलं होतं तसं पूर्ण नाव, जांदिरा अल्वेस दा क्रूझ.