झिंगलेला सामुराई

परदेशात, सेरंगूनच्या विमलकाकूंच्या फ्लॅटमध्ये आजवर सात मुली भाड्यानं राहून गेल्या होत्या आणि प्रत्येकीची जमा-वजा काकूंच्या डोक्यात पक्की होती. आठव्या गार्गीच्या जमेला हळू बोलणं, भांडी घासणं, फोनवर न ओरडणं. वजेला एकच नोंद, पण ठळक : गुरुद्रोह.

पहिल्याच आठवड्यात गार्गीने सगळं सांगितलं होतं. पुण्याचे सुबोध सर, तिचे गुरू. इथल्या विद्यापीठाकडचा सामुराईचा लाकडी ठशाचा जपानी छाप त्यावरच्या सालाइतका जुना नाही, लाल रंगावरून मागाहूनचा वाटतो, असं ते म्हणाले. संग्रहाचे प्रमुख निशिकांत भरसभेत हसले, "पुण्यात बसून फोटोवरून नाडी बघणारे वैद्य!" सरांनी लिहिणं सोडलं. वर्षात गेलेच. आणि ही पट्टशिष्या त्याच निशिकांतच्या हाताखाली नोकरीला!

गुरुपौर्णिमेला तिने पेढ्यांचा डबा भरला तेव्हा काकूंना राहवलं नाही.

"कुणाला गं?"

"निशिकांत सरांना."

"वा! आणि सुबोध सरांना नुसती उदबत्ती?"

गार्गीने खाली मान घालून झाकण लावलं. त्या दिवसापासून काकू तिच्याशी कामापुरतंच बोलत. तिच्या भिंतीवर त्या छापाचा फोटो होता : रस्त्यात झिंगून पडलेला एक माणूस, शेजारी त्याच्यावर थुंकणारा वाटसरू. हा कसला सामुराई, असं काकूंना वाटे. वाटसरू मात्र पटे.

दोन वर्षांनी गार्गी म्हणाली, "काकू, शनिवारी माझं व्याख्यान आहे. याल?" काकू गेल्या. सामोसे असतात.

पडद्यावर तोच छाप. गार्गी सांगत होती, "याच्या धन्याचा जीव घेतला गेला. सूड घ्यायचा, पण वैऱ्याचे हेर मागावर. म्हणून हा दारुड्याचं सोंग घेऊन गटारात लोळला. लोक थुंकले, यानं पुसून घेतलं. हेर निर्धास्त होऊन परतले. मग शेहेचाळीस सोबती घेऊन बर्फातून वैऱ्याच्या घरात शिरला."

काकू खुर्चीत ताठ झाल्या.

"या छापाच्या रंगाचा नमुना तपासायला निशिकांत सरांनी विश्वासानं दिला. तपासणीचा हा आलेख बघा : हा लाल रंग छापावरच्या सालानंतर वीसेक वर्षांनी प्रयोगशाळेत जन्मला. हे निदान माझं नाही. सुबोध सरांचं आहे. पुण्यात बसून, फोटोवरून." ती पहिल्या रांगेकडे वळली. "सर, छापाखालची पाटी तुमच्या सहीनं बदलते. तिच्यावर त्यांचं नाव हवं."

निशिकांतनी चष्मा पुसला.

"आलेख परत दाखव."

तीनदा पाहिला.

"पाटी मीच लिहीन. नावासकट."

माणूस अगदीच टाकाऊ नव्हता, एवढी नोंद काकूंनी केली. सामोशांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

परतताना एमआरटीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "तो थुंकणारा... त्याचं पुढे काय झालं गं?"

"खरं कळल्यावर सामुराईच्या समाधीपाशी आला. माफी मागितली आणि पोट फाडून घेतलं."

"अगंबाई! मला नाही जमायचं. गुडघ्याचंच ऑपरेशन टाळतेय मी."

गार्गी दोन वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.

सेरंगूनला उतरल्यावर काकूंनी पेढे घेतले. घरी गार्गीने कपाटातून, कपड्यांच्या घडीखालून, सुबोध सरांचा फोटो काढला.

"इतके दिवस समोर ठेवायला तोंड नव्हतं, काकू."

"मग मला तरी कुठे आहे?" काकू म्हणाल्या, आणि पहिला पेढा त्यांनीच फोटोपुढे ठेवला.