स्वेच्छेने

मल्हाररावांनी म्हैसूरपाकाचा तुकडा आपल्या हाताने रत्नाबाईंना भरवला आणि फोटो निघेपर्यंत हात तसाच धरून ठेवला. त्यांच्या बोटांना अत्तराचा वास येत होता. रत्नाबाईंना घास गिळवेना.

कानडी मुलखात, के. आर. पुरमपलीकडच्या एका लहानशा नगरसभेच्या प्रसूतिगृहात त्या मुख्य परिचारिका होत्या. खर्चात कपात म्हणून वरून स्वेच्छानिवृत्तीचं ठरलं, आणि लोकांची स्वेच्छा गोळा करायचं काम अधीक्षक मल्हाररावांकडे आलं. ते रत्नाबाईंच्या लांबच्या नात्यातले. घरी येऊन, देवाला हात जोडून म्हणाले होते की मीसुद्धा अर्ज दिलाय, आता इथे राहण्यात काही राम नाही. रत्नाबाईंनी सही केली. त्यांच्या सांगण्यावरून हाताखालच्या नीलिमाने केली, मग बाकीच्या आयांनीही.

निरोपाच्या भाषणात मल्हारराव आता त्यागावर बोलत होते. रत्नाबाई मागच्या दाराने मोरीकडे गेल्या, घास थुंकला, चूळ भरली. कार्यालयातला कारकून मंजुनाथ तिथेच हात धूत होता. खालच्या आवाजात त्याने सांगितलं की साहेबांनी सकाळीच आपला अर्ज मागे घेतला.

भाषण आटोपून मल्हारराव व्हरांड्यात आले, तेव्हा रत्नाबाईंनी सरळच विचारलं.

"अण्णा, तुम्ही राहताय?"

ते जराही गडबडले नाहीत. "कुणीतरी राहायला हवंच ना, अक्का." मग जवळ सरकून म्हणाले, "जावयाने एजन्सी काढलीय. आया पुरवायचं कंत्राट त्यालाच मिळेल. याच बायका परत घेऊ, पगार स्वल्प कमी. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतात त्या."

ते आधी आपल्याच घरी का आले होते, हे रत्नाबाईंना आत्ता कळलं. त्यांनी पदराने ओठ पुसले, पुन्हा पुसले.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बोलते."

आणि मंजुनाथकडे गेल्या.

"अर्ज कधीपर्यंत मागे घेता येतो?"

"आज ऑफिस बंद होईपर्यंत. म्हणून तर समारंभ आज ठेवला, अक्का."

फाटकाशी नीलिमा आणि बाकीच्या आया दोन रिक्षांमध्ये दाटीवाटीने बसल्या होत्या, मांडीवर मिठाईचे डबे घेऊन. रत्नाबाई पुढच्या रिक्षासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उतरा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

नीलिमाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डबा सीटवर ठेवला आणि तीच पहिली उतरली.