भैरोबाचं नाक

आमच्या वाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीत एकही माणूस नव्हतं. याचं श्रेय सरकारी कचेरीनं घेतलं, सरपंच धनाजीनं घेतलं, उरलंसुरलं भैरोबाला मिळालं. माझ्या मते ते फैजानच्या हॉर्नचं होतं.

वाडी वेल्ह्याच्या डोंगरात, कड्याच्या अगदी पोटाशी. कड्याला भेग गेली, ओढ्याचं पाणी लाल झालं आणि निरोप आला की आजच्या आज खाली विंझरला उतरा. भोरहून फैजान टेम्पो घेऊन आला. सामान चढलं, शेळ्या चढल्या, आमची शेजारीण म्हातारी साळूबाई चढली. पण टेम्पो हलेना, कारण देवाला विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हे काम आमच्या घराचं. माझे वडील आबा, म्हणजे कोंडिबा गुरव, चैत्रात वारले होते आणि मी त्यांचं घर आवरायला पुण्याहून आले होते. पण मी पडले बाई, म्हणून कौल धनाजीनं लावला. हवा इतकी दमट की फुलं चिकटली ती चिकटलीच.

"सरपंच, देवाला जरा घाई करा," फैजान ओरडला. "माझ्या चाकाखालची माती चाललीय." आणि त्यानं हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. देवळाचे पत्रे थरथरले. उजवं फूल पडलं.

"दिला! देवानं कौल दिला!" धनाजी म्हणाला.

"मंग देवालाबी घ्या," साळूबाई टेम्पोतून म्हणाली. "त्यो काय हितं एकटा ऱ्हाऊन भाकऱ्या थापील व्हय?"

चौघापाचांनी पहारी लावून देव उचकटला. आबा असते तर म्हणाले असते, साहेबांची बदली झाली. आबा भैरोबाला साहेबच म्हणत. दर अमावास्येला तेलात शेंदूर कालवून ते देवाला लेप देत आणि देताना न्हाव्यासारख्या गप्पा मारत. "हनुवटी वर करा, साहेब. हां. आता हलू नका." लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील महिन्यातून एकदा देवाची दाढी करतात.

विंझरच्या अलीकडच्या गतिरोधकावर टेम्पो उडाला आणि मागे कट्ट असा आवाज झाला. मी देवाला टेकूनच बसले होते. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

आमची सोय एका मंगल कार्यालयात केली होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, शेळ्या स्वयंपाकघराच्या मागे. देवाला ठेवण्याजोगी उंच जागा एकच होती, ती म्हणजे स्टेजवरचा नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा. भैरोबा त्यावर बसला आणि त्याच्या डोक्यावर मागच्या लग्नातली थर्माकोलची बदामं लोंबू लागली.

"जोगेश्वरीला कळू देऊ नगा," साळूबाई म्हणाली. "तिला वाटंल, दुसरं लगीन लावतोय."

मग एका सकाळी कडा आला. देऊळ गेलं, खालची आळी गेली, आमचं घर गेलं. आबांचा चष्मा, त्यांचं जाकीट, शेंदूर कालवायची पितळी वाटी, भिंतीवरचा फोटो, सगळं त्या मातीखाली आहे. माझ्या मोबाईलवर त्यांचा एक फोटो आहे. त्यात अर्धे ते आहेत आणि अर्धी बकरी. बकरी स्पष्ट आली आहे.

दरडीनंतर पुष्कळ लोक आले. बिस्किटं घेऊन आले, कॅमेरे घेऊन आले. अश्विनी मॅडम स्पंजाचे तक्ते, मऊ ब्रश आणि हातमोजे घेऊन आल्या. भूकंप, पूर, दरडी अशा ठिकाणी जाऊन मूर्ती, पोथ्या, जुनी वस्त्रं वाचवायची, असं त्यांच्या संस्थेचं काम. मोठमोठे तक्ते उतरताना पाहून बायकांना वाटलं गाद्या आल्या. त्या देवासाठी आहेत हे कळल्यावर साळूबाई म्हणाली, "त्याला सोफा हाय की. आमाला दे."

अश्विनीनं हसून दोन तक्ते तिला दिले. मग सोफ्याभोवती फिरून बघितलं आणि देवाच्या कानामागे बोट थांबवलं. "इथून तडा गेलाय. कुणी हात लावू नका."

"कुठं?" म्हणत धनाजीनं हात लावला.

शेंदराचं अख्खं कवच दगडावरून सुटलं आणि पुढे आलं. फैजान तांदळाचं पोतं ठेवून नुकताच वळला होता. त्यानं ते दोन्ही हातांनी झेललं. मग कुणीतरी 'भैरोबाच्या नावानं' म्हणालं, सगळ्यांनी 'चांगभलं' म्हटलं, कारण देवानं कवच सोडणं हा मोठा योग असतो. धनाजीच्या आज्यानं म्हणे असं एकदा पाहिलं होतं, तेही तुकड्यांनी.

अश्विनीनं बॅटरी काढली. "आत कोरीव मूर्ती असणार. कदाचित खूप जुनी. अशा लेपाखाली काम फार छान टिकतं."

सगळे वाकले. आत एक लांबट, गुळगुळीत दगड होता. नाक नाही, डोळे नाहीत, मिशी नाही. ओढ्यात पाय घसरवतो तसला दगड. अश्विनी पुढून बघून आली, मागून बघून आली.

"मॅडम," कवच छातीशी धरलेला फैजान घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मग देव कुठं गेला?"

"देव हाय तिथंच हाय," साळूबाई म्हणाली. "तोंड तुझ्या हातात हाय. नीट धर."

आता सगळे त्या तोंडाकडे बघू लागले. गाल, भुवया, मिशीचा झुपका, आणि शेंड्याशी किंचित डावीकडे वळलेलं नाक. म्हणजे हे सगळं शेंदराचंच होतं. लेपावर लेप देत अंगठ्यानं घडवलेलं.

"तरीच," साळूबाई म्हणाली. "म्या म्हनायची, देवाचं नाक कोंडिबावानी कसं?"

"त्येच्या बापाचंबी असंच व्हतं," पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी बोललं. मग सगळं मंगल कार्यालय माझ्या नाकाकडे बघू लागलं. मी रुमाल लावला.

अश्विनीनं कवच स्पंजाच्या तक्त्यावर पालथं ठेवलं. तुटलेल्या कडेला थर दिसत होते, कांद्यासारखे. नारिंगी, लाल, पुन्हा नारिंगी. मधे एक चकचकीत कडक पट्टी होती. "हे काहीतरी वेगळं आहे," ती म्हणाली.

"त्यो ऑइलपेंट," साळूबाईनं सांगितलं. "धनाजीच्या बापाच्या ट्रॅक्टरला मारून उरल्याला. त्या साली पाऊस लई व्हता. कोंडिबा म्हनला, साहेबास्नी रेनकोट पायजे."

कवचावर बसवलेल्या चांदीच्या डोळ्यांच्या मागे, थरात बुडालेला आणखी एक जोड होता, त्यातला एक डोळा तिरपा. तो मला आठवतो. आबांनी चष्म्याशिवाय बसवला होता आणि गावात ओरड झाली की देव तिरळा झाला, आता कोप होणार. आबा म्हणाले, "कोप कसला? एक डोळा भक्तावर हाय, दुसरा दानपेटीवर." पुढे लेपांत तो डोळा बुडून गेला आणि नवे डोळे आले.

कवच पुन्हा सरळ केलं तेव्हा नाकाच्या कडेला एक खोलगट रेघ दिसली. मी त्यात अंगठा ठेवला. रेघ माझ्या अंगठ्यापेक्षा रुंद होती.

"दगड नाही, हे जपायला हवं," अश्विनी हळूच म्हणाली. "परवानगी द्या, मी पुण्याला नेते. सुकवू, मोजमाप घेऊ, नीट ठेवू."

"तसं न्हाई जमायचं," धनाजी म्हणाला. "देवाची उतरल्याली कापडं ती. पान्यातच सोडाय लागत्यात, भाटघरच्या धरणात सोडू. नवं तोंड चढायच्या आत."

"शेंदरात शिसं असतं हो. धरणाच्या पाण्यात जाईल."

"धरणाचं पानी बारामतीकडं जातंय. तिकडच्यास्नीबी वाईच परसाद."

सगळे हसले. मी हसण्यात सामील झाले आणि हसणं संपल्यावर म्हणाले, "धनाजीदादा, ते मला द्या. आबांच्या हातचं दुसरं काही राहिलं नाही माझ्याकडे."

धनाजी वाईट माणूस नाही. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "ताई, आबांचं म्हून दिलं असतं. पर उद्या कुनाची म्हस मेली तरी लोक तुमच्या दारात येतील. देवाचं कवच घरात ठिवलं म्हनतील. आदीच कडा आलाय. मानसं भ्यालीत." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं असावं. "पान्यानं परत दिलं तर गोष्ट निराळी. पर आज्याच्या येळंला दिलं न्हाई म्हनं. डुबुक करून गेलं."

मी ग्रंथपाल आहे. पुस्तकं लावता लावता पुष्कळ वाचून होतं आणि त्यातलं बहुतेक कधी उपयोगी पडत नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी भाताची रिकामी परात हौदात धुतली आणि नंतर बराच वेळ ती पाण्यावर तरंगत ठेवून बघत राहिले.

सकाळी धनाजीला म्हणाले, "सोडण्याआधी मला एकदा लेप देऊ द्या. शेवटचा."

पुरुषांच्या बाजूला कुजबुज झाली. भैरोबाला बाईनं हात लावायचा नाही, असा नेम. साळूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "उतरल्या धोतराला कसलं रं सोवळं? तुमची धोतरं कोन धुतंय?"

विंझरच्या दुकानातून शेंदूर आणला, तेल आणलं. लेप घट्ट कालवला, आबा कालवत त्याहून बराच घट्ट. बाहेरून नावापुरता एक हात फिरवला. मग कवच उलटं करून कानामागचा तडा आतून भरायला बसले. अश्विनी शेजारी येऊन उकिडवी बसली.

"तुम्ही भेग बुजवताय."

"हो."

"मूळ पद्धत, मूळ साहित्य. आमच्या नियमांत बसतं." तिनं मला ब्रश पुढे केला. मी अंगठाच वापरला. लेप बसला तशी त्यावर माझी रेघ उमटली.

फैजानला रेशन आणायला भोरला जायचंच होतं आणि भाटघर वाटेत. टेम्पोत मागे आम्ही चौघे, धनाजी, साळूबाई, अश्विनी आणि मी. मधे ताडपत्रीवर कवच, वर तोंड करून, मिशी रिकाम्या पोत्यांत. धरणाचं पाणी शेतांच्या बांधापर्यंत चढलं होतं. फैजाननं टेम्पो काठाला लावला आणि धनाजीनं नारळ फोडला.

"सोडा ताई. हळूच ढकला. मागं बघू नगा."

मी गुडघाभर पाण्यात गेले. कवच पालथं केलं, तोंड पाण्यात, पोकळी आभाळाकडे, आणि ढकललं.

डुबुक झालं नाही. भैरोबाचं तोंड एखाद्या होडक्यासारखं डुलत निघालं, थोडं आत गेलं, स्वतःभोवती फिरलं. वारा पाण्यावरून काठाकडे होता. ते तसंच फिरत फिरत परत आलं आणि धनाजीच्या पायांना लागलं.

धनाजीनं पाय मागे घेतला. काठावरची एक काठी घेऊन ते पुन्हा लोटलं. "जावा, देवा. जावा की." ते गेलं आणि वाऱ्यावर परत आलं.

"त्याला आता टेम्पोची सवय लागलीय," फैजान केबिनमधून म्हणाला. "पाण्यातनं पायी जायचं नाही म्हणतोय." आणि त्यानं हॉर्न दिला.

धनाजीनं हात जोडले. काठावर भात लावायला आलेल्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही जोडले. "पान्यानं परत दिलं," तो मोठ्यानं म्हणाला, त्या साक्षीदार असाव्यात अशा बेतानं. "ताई, घ्या. तुमच्या नावानं कौल हाय. गावाला म्या सांगतो." मग आवाज उतरवून, "पर नव्या तोंडाचं काय? कोन घडवील?"

"नाकाचं माप हाय की हिच्यापाशी," साळूबाई म्हणाली. "बाईचा हात चालंल का न्हाई, ते आता त्या दगडाला इचारा. त्यो काय बोलतोय बघू."

धनाजी यावर विचार करू लागला. भोर येईपर्यंत करत होता.

अश्विनी कवच पुसायला मऊ कापड घेऊन आली, पण ते मी आधीच ओढणीत गुंडाळून घेतलं होतं. तिनं फक्त विचारलं, फोटो आणि मापं घ्यायला कधी येऊ? मी म्हटलं, कधीही.

तांदूळ भरून आम्ही परत निघालो. अश्विनी पुढे केबिनमध्ये बसली, धनाजी पोत्यांवर डोळे मिटून पडला. साळूबाई माझ्या कानाशी आली.

"सुले, तोंड वर करून सोडायचं असतंय. तू पालथा घातलास."

"हो आजी."

"भेगबी बुजवलीस."

"हो."

ती तंबाखू मळत राहिली. "कोंडिबाची खरी," म्हणाली आणि चिमूट गालात धरून बाहेर बघू लागली.

कवच माझ्या मांडीवर होतं, ओलं, तेलाचा वास असलेलं, अपेक्षेपेक्षा जड. ओढणीतून नाकाचा शेंडा बाहेर आला होता. पुढे गतिरोधक दिसला. फैजाननं वेग कमी केला, तरी मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हलू नका, साहेब," मी म्हणाले.