तिला म्हणावं, त्यांना म्हणावं

मी एक जुना तक्ता आहे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी पट्टी असलेला, आणि गेली चौतीस वर्षं एकाच खिळ्याला धरून राहिलेला. एवढा काळ एका जागी टिकणं हल्ली माणसांनाही जमत नाही. पण मित्रांनो, स्वतःचा मोठेपणा सांगायला मी बोलत नाहीये.

इंग्रजी व्याकरणातल्या डायरेक्ट स्पीचचं इनडायरेक्ट कसं करायचं, ते माझ्यावर लिहिलं आहे. म्हणजे कोणी तोंडाने बोललेलं वाक्य अवतरणचिन्हांतून सोडवून 'तो म्हणाला की' असं तिसऱ्याला कसं सांगायचं, त्याचे नियम. डावीकडे 'नाऊ', उजवीकडे 'देन'. डावीकडे 'टुमॉरो', उजवीकडे 'द नेक्स्ट डे'. सगळ्यात खाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं: 'अर्थ बदलता कामा नये.'

मला सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. लग्नानंतरची पहिलीच सुट्टी होती. ओळी आखताना पट्टी धरायला त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, होत्या. 'टुमॉरो'मध्ये एक 'एम' जास्त पडला, तो सरांनी ब्लेडने खरवडला. त्या जागी मी अजून पातळ आहे.

घराची पुढची खोली म्हणजे सरांचा वर्ग. आठ बाक, एक फळा, मी, आणि माझ्या बरोबर खाली स्टुलावर टेलिफोन. काय दिवस होते ते! बाकावर तिघांच्या जागी पाच जण बसायचे. एकदा एक मुलगा उभा राहिला. "सर, बाहेर जाऊ का?" सर म्हणाले, "इनडायरेक्टमध्ये विचार." तो हुशार होता. म्हणाला, "त्याने सरांना विचारलं की तो बाहेर जाऊ शकतो का." सर म्हणाले, "मग त्याला जाऊ दे. तू बस." सगळा वर्ग बाकावर डोकं ठेवून हसला. तो मुलगा मात्र बिचारा पाय आवळून बसला होता. व्याकरणाला दया नसते.

पहिल्या बाकावर सरांची मुलगी बसायची. माझी उजवी बाजू हाताने झाकली तरी ती घडाघड म्हणायची. वर्ग पुढे तीच चालवणार हे सरांनी ठरवून टाकलं, पाटीही रंगवून आणली. तिला विचारायचं तेवढं राहिलं. आणि तिने तर बेकरीचं काम शिकायचं ठरवलं होतं.

"माझी मुलगी पाव भाजणार?"

"बाबा, लोक व्याकरणावाचून जगतात. पावावाचून नाही."

"उलट बोलू नकोस माझ्याशी!"

"मग बोलतच नाही."

"नकोच बोलू!"

दोघंही शब्दाचे पक्के. मुलगी दुसऱ्या गावी गेली आणि अकरा वर्षं दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

पण दर रविवारी सकाळी दहाला फोन यायचा. काकू तो माझ्याखाली उभ्या राहून घ्यायच्या. सर मुद्दाम शेवटच्या बाकावर वह्या तपासत बसायचे. एका वहीला तास लागायचा.

"तिला म्हणावं," सर वहीतूनच बोलायचे, "भट्टीत एक दिवस हात भाजेल तेव्हा डोळे उघडतील."

काकू फोनवरचा तळवा काढायच्या. "बाबा म्हणतायत, हाताला जप हो."

तिकडून, "त्यांना म्हणावं, माझी काळजी त्यांनी करायची गरज नाही."

काकू वळायच्या. "ती म्हणते, काळजी करू नका."

मित्रांनो, माझ्या खालच्या लाल ओळीचं काय होत असेल, कल्पना करा. काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजीशी त्यांचा संबंध पट्टी धरण्यापुरता. पण असं इनडायरेक्ट मी चौतीस वर्षांत कोणाचं पाहिलं नाही.

पुढे काळ बदलला. मुलं माझा मोबाइलवर फोटो काढून जाऊ लागली आणि फोटो घेतला म्हणजे पाठ झालं असं समजू लागली. बाक रिकामे झाले. माझ्या कडा कुरतडल्या गेल्या. खोलीत नियमाने येणारा आवाज म्हणाल तर रविवारचा फोन.

त्यातच मुलीने स्वतःचं पावाचं दुकान काढायला घेतलं. ते उघडायला दोन आठवडे राहिले असताना ती फोनवर म्हणाली, "त्यांना म्हणावं, यायचं तर या. नाही आलात तरी पुढच्या शुक्रवारी दुकान उघडणारच."

काकू वळून म्हणाल्या, "ती म्हणते, तुमच्याशिवाय उघडणार नाही."

सरांचं पेन थांबलं. "तिला म्हणावं, मला पावातलं काय कळतं?"

"बाबा येतायत गं," काकूंनी फोनमध्ये सांगितलं.

मी इतकी वर्षं गप्प राहिलो, पण त्या दिवशी वाटलं, काकू, हे जरा जास्त झालं.

आणि पुढच्याच रविवारी काकू घरी नव्हत्या. त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आपण नसणार हे मुलीला कळवायला विसरल्या. म्हणजे, विसरल्या असाव्यात.

दहाला फोन वाजला. सर शेवटच्या बाकावर. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. सर उठले, स्टुलापर्यंत आले, चष्मा पुसला, रिसीव्हर उचलला आणि घसा खाकरून म्हणाले,

"तिला म्हणावं, आई मावशीकडे गेलीय."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. होतो तो मी.

पलीकडून आवाज आला. "त्यांना म्हणावं, मला माहीत नव्हतं."

"तिला म्हणावं, माझ्यासाठी दुकान अडवून ठेवायला नको."

"अडवलंय कुठे? येतो असं तेच म्हणाले ना?"

"मी? मी म्हणालो, मला पावातलं काय कळतं."

"आणि मी म्हणाले, नाही आलात तरी उघडणार."

सर बाकावर टेकले. त्यांनी अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं. "मग तिकडून आलेला हा स्वेटर?"

"कुठला स्वेटर?" मग तिनेच विचारलं, "बाबा, माझ्या वाढदिवसाला तुमच्याकडून पेन येतं दरवर्षी. ते?"

"कसलं पेन?"

अकरा वर्षं काकूंनी दोघांच्या मधे जे बांधत आणलं होतं, त्याला तळाशी काहीच नव्हतं, हे दोघांना एकदम दिसलं. त्या क्षणी कोणीही फोन ठेवला असता तर सगळं संपलं असतं. सरांचा हात खाली येताना मी पाहिला.

तो अर्ध्यावर थांबला. रिसीव्हर परत कानाशी गेला.

"मग तू खरं काय काय म्हणत होतीस गं?"

"सांगू? वाईट आहे."

"सांग. चुका वाचायची सवय आहे मला."

तिने सांगितलं. मग सरांनी आपलं सांगितलं. चाळीस मिनिटं दोघं एकमेकांना अकरा वर्षांचे टोमणे वाचून दाखवत होते. 'शिष्ट म्हातारा' ऐकल्यावर सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"शुक्रवारी किती वाजता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नऊला."

"चहा ठेव. कोरडा पाव माझ्या घशाखाली उतरत नाही."

संध्याकाळी काकू आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "फोन आला होता?"

"आला होता."

"काय म्हणाली?"

"ते आमच्या दोघांतलं आहे," सर म्हणाले.

काकू पिशवी हातात घेऊन तशाच उभ्या. अकरा वर्षांची नोकरी एका फोनने गेली होती. सर त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी या घरात मी कधी न ऐकलेला प्रश्न विचारला.

"आणि तुझं काय म्हणणं आहे?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "माझं? मला ना, रविवारी दहाला मंडईत जायचं असतं. फोन झाल्यावर जाते तोवर चांगली भाजी संपलेली असते. अकरा वर्षं उरलेली आणतेय."

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्यावर ओलं फडकं फिरवू नका, शाई उतरते. सुरळी कराल तर लिहिलेली बाजू आत ठेवा. आणि तुमच्या घरात इकडचं तिकडे सांगणारं, कडू गाळून गोड पोचवणारं कोणी असेल, तर एकदा त्याचं स्वतःचं म्हणणं विचारा. ते सांगेल ते कोणाला सांगायला जाऊ नका. पायात चप्पल घाला आणि त्याच्याबरोबर भाजीला जा. लवकर.