वजनाची अट

"किडनी जुळते," डॉक्टर म्हणाले, "पण ती आत्ता घेता येणार नाही."

ताईला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. दवाखान्याच्या चकरा मारून तिच्या चपला झिजल्या होत्या. वहिनीचं रक्त जुळलं नव्हतं. दुसरं जवळचं कुणी नव्हतंच. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून या भावाला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. तिचं जुळलं म्हटल्यावर आता प्रश्न कसला उरला?

"का घेता येणार नाही?" भावाने विचारलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. "वजन. एका किडनीवर उरलेलं आयुष्य काढायचं तर एवढा भार शरीराला झेपत नाही. त्यात यांची साखर काठावर आहे. आज तुम्हाला वाचवायला जावं आणि उद्या यांनाच डायलिसिसवर बसवावं, असं आम्ही करत नाही. वजन उतरवा, मी स्वतः ऑपरेशनला उभा राहतो."

तिघं दार उघडून बाहेर आली. मग भाऊच म्हणाला, "ताई, एवढ्या मोठ्या दुकानात नेमकी आपल्याला हवी ती वस्तू आहे, आणि कपाट उघडत नाही."

वहिनीने त्याच्याकडे रागाने पाहिलं. ताई हसली, कारण तो हसवत होता.

त्याला सगळे काडी म्हणत. लहानपणी अंगावर मांस नव्हतं म्हणून पडलेलं नाव मोठेपणीही चिकटून राहिलं. तो तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर छातीत डायलिसिसची नळी बसवली आणि ती भिजवायची नाही अशी ताकीद मिळाली. तेव्हापासून तो कोरड्या कपड्यांत काठावर उभा राहून शिट्टी वाजवायचा. प्यायलाही दिवसाला मोजकंच पाणी. समोर एवढं निळंशार पाणी हिंदकळत असायचं आणि हा माणूस तोंडात बर्फाचा खडा धरून मुलांना ओरडून सांगायचा, पाय मार, पाय मार.

ताई एका मोठ्या बेकरीत केक सजवायची. तिच्या हातची क्रीमची फुलं बघून लोक कापायला सुरी लावायचे नाहीत. लग्न केलं नाही. एकटी राहायची, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट सगळ्या जगाची ताई होती.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक म्हणजे फोनवर अ‍ॅप घ्यायचं, खाल्लेला प्रत्येक घास त्यात टाकायचा आणि कॅलरी मोजत आपलं आपण वजन उतरवायचं. दुसरी म्हणजे दवाखान्याचाच कोर्स. दर शनिवारी सकाळी जायचं, सगळ्यांसोबत वजन करायचं, आहारतज्ज्ञ बाई सांगतील ते खायचं, व्यायाम करायचा. "माझा कल कोर्सकडे आहे," ते म्हणाले होते, "पण सक्ती नाही. वजन उतरल्याशी मतलब."

त्या संध्याकाळी भावाच्या स्वयंपाकघरात विषय निघाला.

"कोर्सच घ्या, ताई," वहिनी म्हणाली. "मागे कुणी लागल्याशिवाय माणसाच्या हातून काही होत नाही. माझा स्वतःचा अनुभव आहे."

ताई टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिली. शाळेत वर्षातून एकदा वजन व्हायचं. बाई आकडा मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्या बाई लिहून घ्यायच्या. तिचा आकडा वाचला की वर्ग खिदळायचा, आणि एका वर्षी वाचणाऱ्या बाईंनाही हसू आवरलं नव्हतं. यातलं ती एक अक्षर बोलली नाही. पण लहान मुलांच्या रांगेत उभं राहून काडीने ते पाहिलेलं होतं.

"नको," तो म्हणाला. "शनिवारी बेकरीत किती गर्दी असते. आणि चारचौघांत काट्यावर उभं राहायची काय गरज आहे? ताई, तू अ‍ॅप घे. तू तिकडे कॅलरी मोज, मी इकडे पाणी मोजतो. बघू आधी कोण रडतं."

"अहो, पण..." वहिनी म्हणाली.

"मी सांगतो ना. किडनी माझ्यासाठी आहे की नाही?"

ताईला एकदम हायसं वाटलं. इतकं, की तिची तिलाच शरम वाटली.

पहिले काही आठवडे बरे गेले. तिने स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला. ब्रेडचा काप, उकडलेलं अंडं, भाजी, चहातली साखर, सगळं काट्यावर ठेवून मग फोनमध्ये. दिवसाची बेरीज मर्यादेत राहून फोन संध्याकाळी हिरवा झाला की जिंकल्यासारखं वाटायचं. भावाच्या डायलिसिसला ती शेजारी बसायची. मशीन घरघरत असायचं आणि दोघं एकमेकांना छळायचे.

"आज काय खाल्लंस?"

"अर्धं सफरचंद."

"अर्धं? उरलेल्या अर्ध्याने काय पाप केलं होतं?"

"ते उद्याचं आहे."

"अगं, माणसं घरदार वाटून घेतात, तू सफरचंदाशी वाटणी करायला लागलीस."

वजन उतरलं. मग उतरेना. तिने जेवण आणखी कमी केलं, तरी काटा जागचा हलेना. फोन रोज हिरवा व्हायचा, शाबासकी द्यायचा, आणि सकाळी काट्यावर तोच आकडा. ती खोटं काही टाकत नव्हती. स्वतःच्या घरात एकटीने बसून कुणाला फसवायचं होतं? तरीही आठवडे जात होते. भावाचा रंग राखेसारखा व्हायला लागला होता. जिना चढताना तो मध्येच थांबून भिंतीवरची चित्रं बघितल्याचं नाटक करायचा. वहिनी दार उघडायची तेव्हा तिची नजर आधी ताईच्या कमरेकडे जायची, मग चेहऱ्याकडे. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

शेवटी ताईने जेवण सोडलं. नुसत्या काळ्या चहावर दिवस काढायला लागली. पोटात कावळे ओरडायचे ते थांबले, मग डोकं जड झालं, आणि एका सकाळी ती क्रीमच्या टेबलावरच कोसळली. बेकरीच्या मालकाने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि पहिल्यांदाच आवाज चढवला.

"असं वजन आम्हाला नको आहे! असल्या उपाशी शरीरावर मी सुरी चालवू? लघवीचा रिपोर्ट बिघडवून ठेवलात. तो सुधारेपर्यंत तुमचं नाव बाजूला. कळतंय का?"

तिला कळत होतं. त्या शनिवारी ती कोर्सला गेली.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात काटा. एक ट्रकचालक, गुडघे धरून बसलेली एक शिक्षिका, आणखी तीनचार जण. ताई काट्यावर उभी राहिली तेव्हा तिचे कान तापले होते. कुणी आकडा वाचला नाही. कुणी मान वर केली नाही. ट्रकचालक तर बुटाची नाडी बांधत होता.

आहारतज्ज्ञ बाईंनी तिचा फोन पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे सगळं खरं असेल तर वजन उतरायलाच हवं होतं. बरं, खाण्याचं राहू द्या. कामावर दिवसभर काय काय करता ते सांगा."

ताईने सांगितलं. सकाळी क्रीम फेटायचं. साखर बेताची आहे ना, म्हणून चाखायचं. प्रत्येक रंगाचं वेगळं चाखायचं, कारण रंगाने चव बदलते. केकचा फुगलेला माथा कापून सपाट करायचा, तो तुकडा तोंडात टाकायचा, म्हणजे आतून भाजलाय की नाही ते समजतं. सुरी पुसताना...

ती थांबली. बाई तिच्याकडे बघत होत्या.

"हे फोनमध्ये टाकत होता?"

"ते कुठे खाणं आहे?" ताई म्हणाली. "ते काम आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. ट्रकचालक हळूच म्हणाला, "माझंही तसंच व्हायचं हो. गाडी चालवताना खाल्लेलं मी कधी धरलंच नव्हतं."

बेशुद्ध पडली त्या दिवशीसुद्धा तिच्या जिभेवर क्रीम होतं.

ती तिथून थेट भावाकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. काडीला हसू फुटलं, असं, की खोकल्याची उबळ आली.

"म्हणजे ताई, माझी किडनी तू चाटूनपुसून खाल्लीस की!"

ताईलाही हसू आवरेना. दोघं डोळे पुसत होती. वहिनीने हातातली ताटली ओट्यावर आपटली आणि ती खोलीतून निघून गेली. मग दोघांचंही हसू विझलं.

कोर्सने काम केलं, हे मान्य करायला हवं. बेकरीत चाखायचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं. ताई पोटभर जेवायला लागली, आणि तरी काटा हलला. सकाळी चालायची, शनिवारी त्या गोल खुर्च्यांत बसायची. लघवीचा रिपोर्ट सुधारला, साखर खाली आली. डॉक्टर पुन्हा हसून बोलायला लागले. "असंच चालू ठेवा," ते म्हणाले, "ऋतू बदलेपर्यंत करून टाकू." काडीने तलावावर मुलांना सांगूनसुद्धा टाकलं की पुढच्या उन्हाळ्यात मी तुमच्याबरोबर पाण्यात असेन, तेव्हा बघतो कोण आळशीपणा करतं.

मग एका डायलिसिसला त्याला हुडहुडी भरली. पांघरुणावर पांघरूण घातलं तरी दात वाजत होते. छातीतल्या नळीतून संसर्ग रक्तात गेला होता, आणि रक्तातून हृदयाच्या झडपेवर. नळी जास्त दिवस ठेवली की हा धोका असतोच, असं डॉक्टरांनी पूर्वीही सांगितलं होतं. त्या वेळी ते कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं, कारण नळी थोड्याच दिवसांची, ऑपरेशन होईपर्यंतचीच होती.

तो अतिदक्षता विभागात असताना एक शनिवार आला. ताई कोर्सला गेली. दुसरं काय करायचं तिला सुचत नव्हतं. काट्यावर उभी राहिली आणि आकडा अटीच्या खाली होता. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला मिठी मारली. गोलातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रकचालक उभा राहून वाजवत होता. वरच्या मजल्यावर काय चाललंय हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. टाळ्या चालू असतानाच ती खोलीतून बाहेर पडली आणि धावत जिना चढली. दम लागला नाही. मागच्या वर्षी तोच जिना तिला दोनदा थांबून चढावा लागायचा.

काडी जागा होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

"झालं रे," ती म्हणाली. "उतरलं. अटीत बसले मी."

त्याने तिला न्याहाळलं. मास्क जरा बाजूला सारला.

"गळ्याची हाडं दिसायला लागली की तुझी," तो म्हणाला. "जेवत जा गं."

बाहेर डॉक्टर भेटले. त्यांनी तिला भिंतीशी बाजूला घेतलं. "ताई, तुमच्या बाजूने आता कुठलीच अडचण नाही," ते म्हणाले. "पण त्यांचं हृदय भूल सोसण्याच्या स्थितीत नाही. आधी ते सावरू द्या."

ते सावरलं नाही. पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, वहिनी कपडे बदलायला घरी गेली असताना तो गेला. ताईचा हात त्याच्या पायावर होता. पाय आधीपासूनच गार होते, त्यामुळे तिला नेमकं कधी ते कळलंसुद्धा नाही. मशीनच्या आवाजाने नर्स धावत आली तेव्हा कळलं.

येणारीजाणारी माणसं आली, बसली, गेली. घर रिकामं झाल्यावर वहिनी त्याचे शर्ट घड्या करून एका पेटीत भरत होती आणि ताई एकेक शर्ट तिच्या हातात देत होती. वहिनीने मान वर न करता म्हटलं, "पहिल्याच दिवशी कोर्स घेतला असता, तर आज ते पाण्यात असते."

ताईच्या ओठांवर आलं होतं, की नको म्हणणारा तोच होता. तिला चारचौघांत उभं राहावं लागू नये म्हणून त्यानेच ते ठरवलं होतं. पण ते बोललं असतं तर सगळा दोष त्याच्या माथी गेला असता, आणि तो आता उत्तर द्यायला नव्हता.

"हो," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट दिला.

वहिनी तिच्या माहेरच्या गावी गेली. सुरुवातीला फोन यायचे, मग कमी झाले.

ताई बेकरीत परतली तेव्हा तिच्या जिभेला चव उरली नव्हती. तिने केलेलं क्रीम एकदा अगोड निघालं, एकदा साखर दुप्पट. फुलंही हवी तशी उमलेनात. मालक भला माणूस होता. ओरडला नाही, पण त्याने तिला आतल्या टेबलावरून बाहेर काउंटरवर आणलं. तिथे ती केक खोक्यात भरून द्यायची. नेहमीची गिऱ्हाइकं तिला बघून चकित व्हायची. अय्या, ताई! ओळखलंच नाही! किती तरुण दिसता! मग आवाज खाली आणून विचारायची, काय केलंत? ती सांगायची, आणि ती माणसं मन लावून ऐकायची.

एके दिवशी एक मुलगी आली. अंगाने भरलेली, हसऱ्या चेहऱ्याची. बराच वेळ काचेतून केक बघत राहिली आणि एकही न निवडता म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? माझं काही ठरतच नाहीये. कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेऊ, की सरळ एखाद्या कोर्सला नाव घालू? तुमचा अनुभव काय?"

ताईने हातातलं खोकं बाजूला ठेवलं.

"कुठलंही घे," ती म्हणाली. "पण आजच घे."

"छे हो, मला कुठे एवढी घाई आहे!" मुलगी हसली. "सहज आपलं. जरा बारीक व्हावं म्हणून."

"मग बरंय," ताई म्हणाली.

मुलीने दोन बिस्किटं घेतली आणि ती गेली. तिच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना बिनअंड्याचा केक हवा होता. ताईने त्यांना तो काढून दाखवला. "फार गोड तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"मला सांगता यायचं नाही," ती म्हणाली, आणि आतल्या बाईला हाक मारली.