पामची प्रकृती उत्तम

दामोदरजींचा लाल देठांचा पाम मेला. कागदोपत्री मात्र तो जिवंत आहे, त्यामुळे हे वाक्य आपण वाचलेलंच नाही.

तर पाम जिवंत होता आणि झाशीतल्या त्या सरकारी कचेरीत त्याच्यावरून रोज भांडण होतं. खोलीत कूलर एकच, आणि आवक-जावक कारकून दामोदरजींनी त्याचं तोंड पामकडे फिरवलेलं. हा दमट हवेतला जीव, त्याला लूची झळ सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला सोसते का, असं शेजारच्या टेबलावरच्या अजयचं. झाशीतल्या जुन्या मराठी घरातल्या दामोदरजींनी लग्न केलं नव्हतं. रविवारीही ते नगऱ्याच्या वस्तीतून सायकलनं पामला बघायला येत.

मे महिन्यात पानांची टोकं करपू लागली. दामोदरजींनी अजयवर कुंडीत चहा ओतल्याचा आळ घेतला.

"चाय हम खुद पीते हैं, दद्दा. घास को नहीं पिलाते."

त्या दिवसापासून दामोदरजी पामसमोरच डबा उघडून पहारा देऊ लागले. टोकं करपतच राहिली.

शेवटी नागपूरहून बदलून आलेल्या कचेरीप्रमुख अहिल्या मॅडमनी कुंडीत बोट घातलं. माती वरून पांढरी पडली होती.

"पाणी कुठलं घालता?"

"कूलरच्या टाकीतलं. रोज उरतं ते. फेकायचं कशाला?"

"बोअरचं खारं पाणी आटतं त्यात. क्षार तेवढे मागे राहतात. दामोदरजी, तुम्ही त्याला मीठ पाजत होतात."

अजयनं कूलर आपल्याकडे वळवला. थोड्या वेळानं, कोणी न सांगता, परत पामकडे केला.

मे सरता सरता पाम पुरता वाळला, आणि जूनमध्ये तपासणी आली. वाळलेलं झाड दिसलं तर खुलासा द्यावा लागणार, म्हणून मॅडमनी पानांना कपाटाचा उरलेला हिरवा रंग मारून घेतला. तपासणीला आलेल्या साहेबांनी लांबूनच शेरा लिहिला: पामची प्रकृती उत्तम, निगा अशीच चालू ठेवावी. झालं. आता त्याला हलवायची कोणाची छाती नव्हती, आणि त्याला पाणी घालण्याचा लेखी आदेश दामोदरजींच्या नावानं निघाला.

महिनाभर त्यांनी तो पाळला. घरून बाटलीत फिल्टरचं पाणी आणून, रंगवलेल्या पानांना धक्का न लावता. मग एक अर्ज केला. मॅडमखेरीज कचेरीत कोणाला नीट कळू नये म्हणून मराठीत.

"महोदया, सदर पाम दिनांक २६ मे रोजी माझ्या हातून मरण पावला आहे. तरी त्यास मृत घोषित करून अर्जदारास सुतकाची दहा दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती."