मुठीत मावणारी लेन्स

स्फाक्स शहरातल्या लग्नघरांत दलेंदा फोटो काढायला आली की आधी तिची लेन्स दिसायची, मग ती. दुधाच्या बरणीएवढी ती लेन्स बघून लोक खूश व्हायचे. खांदा मात्र तिचा दुखून जायचा. शेवटी डॉक्टरने बजावलं, हे वजन उचलणं सोड, नाहीतर धंदा सोड. धंदा सोडणं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून तिने ही नवी घेतली. मुठीत मावणारी, जवळचं-लांबचं सगळं एकटीच बघणारी. खोकं इतकं हलकं, की दुकानदार आत लेन्स घालायला विसरला की काय, असं तिला वाटलं. कडं फिरवलं की लेन्स कासवासारखी मान बाहेर काढायची. दलेंदाला हसू आलं, पण भरवसा काही बसेना.

पहिलं काम हयातमावशीकडे होतं. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न काल लागलं होतं आणि आज अंगणात नवं जोडपं रिवाजाप्रमाणे, शकुन म्हणून जमिनीवर ठेवलेल्या माशावरून उड्या मारणार होतं. मावशीने कॅमेरा बघितला आणि तिचा चेहराच पडला.

"मोठी कुठंय गं? व्याही म्हणतील, पासपोर्ट-फोटोवाला बोलावलाय."

दलेंदाने कॅमेरा गळ्यात अडकवला. तिलाही मनातून तीच धास्ती होती.

नवरीने घागरा सावरून उडी मारली, बायकांनी जिभा हलवत आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या, मासा, पाय, हसणारी तोंडं सगळं एका फोटोत बसलं. एरवी लांबचं टिपायला ती इथे लेन्स बदलत बसली असती. आज तिने नुसतं कडं फिरवलं. अंगणापलीकडे जिन्याआड मावशीचा नवरा मोन्जी उभा होता. पहाटे बाजारात जाऊन मासा त्यानेच निवडून आणला होता. आता तो बाहीने डोळे पुसत होता. दलेंदाने बटण दाबलं.

जेवणं झाल्यावर दलेंदाने तो फोटो मावशीला दाखवला. मावशीने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"स्वतःची आई गेली तेव्हासुद्धा रडला नाही गं हा," ती हळूच म्हणाली. मग तिने नाक पुसलं. "पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. तूच यायचंस. आणि हीच आण."

दलेंदाने दुखऱ्या खांद्याच्या हाताने कुसकुसचं ताट उचललं. खांदा कुरकुरला नाही. तिला फार बरं वाटलं.

"पण मोठीपण आण हां," मावशी म्हणाली. "नुसती टेबलावर ठेव. व्याह्यांना दिसायला."

"ठेवते की मावशी," दलेंदा म्हणाली. "फक्त उचलून तुम्ही आणायची."